नम्र व्हायला गेलो आणि नम्रतेचाच अभिमान झाला

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे चालले आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. बारा वर्षांपूर्वी तुम्ही प्रभू येशूला जीवन दिले. गेली सहा वर्षे तरुणांचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा अभ्यास, घेता. प्रार्थना चुकत नाही, वचन रोज वाचता. मागच्या महिन्यात अभ्यास संपल्यावर एका धाकट्या भावाने तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "तुम्ही कुणाचे ऐकूनच घेत नाही." तुम्ही हसून त्याचे आभार मानलेत, आणि आतून पेटलात. रात्रभर त्याला द्यायची उत्तरे मनात जुळवत राहिलात. आता तुम्ही तीन गोष्टी विचारता: नम्र व्हायचा प्रयत्न केला की नम्रतेचाच अभिमान का होतो? विश्वासात आलो तेव्हापेक्षा आज मी अधिक पापी आहे असे वाटते, म्हणजे मी मागे चाललो आहे का? आणि सगळे देवाच्या कृपेनेच व्हायचे असेल तर माझ्या धडपडीला अर्थ काय?

तीस वर्षांहून अधिक काळ मी पाळकाचे काम केले आहे. हे तीन प्रश्न वेगवेगळ्या माणसांकडून, वेगवेगळ्या शब्दांत मी ऐकले आहेत, आणि बहुतेक वेळा ते असे एकत्रच येतात. मी दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचे उत्तर चुकले की बाकीची दोन्ही चुकतात.

प्रेषित पौलाने (नव्या करारातली बरीच पत्रे त्याच्या नावावर आहेत) स्वतःविषयी तीन ठिकाणी काय लिहिले ते पत्रांच्या परंपरेने मानलेल्या क्रमाने वाचून पाहा. करिंथकरांस लिहिताना तो म्हणतो, प्रेषितांमध्ये मी सर्वांत कनिष्ठ (१ करिंथ १५:९). काही वर्षांनी, बंदिवासातून इफिसकरांस लिहिताना तो सर्व पवित्र जनांतला लहानाहून लहान झालेला असतो (इफिस ३:८). आयुष्याच्या शेवटाकडे तीमथ्याला लिहितो तेव्हा पाप्यांमधला मुख्य (१ तीमथ्य १:१५). प्रेषितांत कनिष्ठ, मग विश्वासणाऱ्यांत कनिष्ठ, मग पाप्यांत पहिला. या काळात त्याची सेवा वाढत होती, मंडळ्या उभ्या राहत होत्या, तो मार खात होता, तुरुंगात जात होता. तो मागे चालला होता असे कुणीच म्हणणार नाही. आणि तीमथ्याच्या पत्रातले ते वाक्य रडगाण्याचे नाही. त्याच्या आधी तारणाची गोष्ट आहे, नंतर दयेची, आणि थोड्याच ओळींनी तो देवाचे स्तोत्र गाऊ लागतो. स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हणणारा माणूस त्याच दमात आनंदाने गातो. तुमच्या प्रश्नात मला पहिला भाग दिसला, दुसरा दिसला नाही. काळजी कशाची करायची असेल तर त्या दुसऱ्या भागाची करा.

तुमचे पाप आज तुम्हाला अधिक दिसते, कारण तुम्ही आज ते अधिक बारकाईने पाहू शकता. बारा वर्षांपूर्वी तुम्ही ज्याला पाप म्हणत होता ती मोठी, बाहेरून दिसणारी कृत्ये होती. धाकट्या भावाने एक वाक्य बोलल्यावर आत जो जाळ झाला, त्याला तेव्हा तुम्ही 'स्वाभिमान' म्हटले असते आणि शांत झोपी गेला असता. आज झोप लागली नाही. तुमच्या पत्रातली ही सर्वांत चांगली बातमी आहे, आणि तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे.

फिलिप्पैकरांस पत्रात एक जागा आहे जी मराठीत वाचताना सहज निसटते. तिसऱ्या अध्यायाच्या बाराव्या ओवीत पौल म्हणतो, मी अजून पूर्ण झालो आहे असे नाही. आणि पंधराव्या ओवीत म्हणतो, आपल्यापैकी जे प्रौढ आहेत त्यांनी हीच वृत्ती ठेवावी. मूळ ग्रीकमध्ये 'पूर्ण होणे' आणि 'प्रौढ' हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले आहेत. पौल मुद्दाम तसे लिहितो: मी पूर्ण झालेलो नाही, आणि आपण जे 'पूर्ण' आहोत त्यांना हे ठाऊक असते. आपण पोहोचलो नाही हे ओळखून पुढे धावत राहणे, यालाच तो प्रौढपण म्हणतो. कृपेची गरज हळूहळू संपत जाईल आणि एक दिवस आपण स्वतःच्या पायांवर उभे राहू, अशी आपली नकळत समजूत असते. शरीराच्या वाढीत मूल आईवडिलांवर कमी कमी अवलंबून राहू लागते, म्हणून आत्मिक वाढही तशीच असणार असे आपण धरून चालतो. पण ही वाढ उलट्या दिशेने होते. जो जितका वाढतो तितका तो अधिक टेकतो, आणि टेकायला लाजत नाही.

मग वाढ झाली की नाही हे ओळखायचे कसे? दान, वक्तृत्व, शास्त्राचे ज्ञान, सेवेचे व्याप यांवरून मी माप काढत नाही. करिंथची मंडळी कोणत्याही कृपादानात उणी नव्हती, हे पौल पहिल्याच अध्यायात मान्य करतो, आणि तिसऱ्या अध्यायात त्याच मंडळीला बाळके म्हणतो. कशावरून? तुमच्यात मत्सर आणि कलह आहे, यावरून. मी इतक्या वर्षांत एकच माप वापरायला शिकलो: चूक दाखवली गेल्यापासून ती मान्य करण्यापर्यंत किती वेळ गेला. नव्या विश्वासणाऱ्याला वर्ष लागते, कधी तो मंडळीच सोडून जातो. मग महिने लागतात, मग आठवडे. माझ्या ओळखीतली काही वृद्ध माणसे अशी आहेत की त्यांना चूक दाखवली तर त्यांच्याही चेहऱ्यावर क्षणभर ढग येतो. त्यांनाही लागते. पण चहूकडून कारणे गोळा करत बसण्याऐवजी ती संध्याकाळपर्यंत परत येतात आणि म्हणतात, "तू म्हणालास ते खरे आहे." लागणे बंद होईल अशी आशा ठेवू नका. परत येण्याची वाट तेवढी तुडवून तुडवून मळलेली होते.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. सेवेच्या आठव्या-नवव्या वर्षी मी पश्चात्तापावर एक कडक उपदेश केला होता. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एक वयस्कर बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आज तुम्ही आम्हा सगळ्यांना देवापुढे उभे केलेत. तुम्ही स्वतः कुठे उभे होता?" मी काहीतरी गोड बोललो. पुढचे तीन महिने मी त्या बाईंच्या प्रत्येक वागण्यात खोट शोधत होतो. त्यांच्या घरी प्रार्थनेला जायचे टाळले, आणि स्वतःला पटवले की वेळ मिळत नाही. तीन महिन्यांनी, दुसऱ्याच एका उपदेशाची तयारी करताना, लूकच्या अठराव्या अध्यायातला, मंदिरात प्रार्थनेला गेलेला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी) यांचा दाखला समोर आला, आणि त्यात मी नेमका कुठे उभा होतो ते मला दिसले. मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला पूर्ण बोलूही दिले नाही. म्हणाल्या, "मी रोज वाट पाहत होते." त्या रोज माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या, आणि मी रोज त्यांचे दोष मोजत होतो.

त्या दाखल्याकडे जरा थांबून पाहू, कारण तुमचा पहिला प्रश्न तिथेच सुटतो. परूशी देवाला न मानणारा नाही. तो स्वतःच्या बळाच्या बढाया मारतो असेही म्हणता येत नाही, कारण त्याची प्रार्थना सुरू होते "देवा, मी तुझे आभार मानतो" अशी. म्हणजे तो चांगुलपणाचे श्रेय तोंडाने का होईना देवालाच देतो. कृपेची भाषा त्याला येते! मग बिघडले कुठे? तो आभार कशाबद्दल मानतो ते बघा: मी इतरांसारखा नाही, ह्या जकातदारासारखा तर नाहीच. प्रार्थना देवाशी चालली आहे आणि नजर बाजूला आहे. जकातदाराला बाजूला कोण उभे आहे याचा पत्ताही नाही. देव आणि मी, एवढेच त्याच्यापुढे आहे.

नम्रतेचा अभिमान होतो तो या बाजूला वळणाऱ्या नजरेमुळे. 'मी नम्र आहे का?' हा प्रश्न निरागस दिसतो, पण त्याचे उत्तर शोधायला आपण ताबडतोब कुणाशी तरी तुलना करू लागतो: कालच्या माझ्याशी, किंवा शेजारच्या भावाशी. उत्तर 'हो' आले की फुगतो, 'नाही' आले की खचतो. दोन्ही वेळा आपण स्वतःकडेच पाहत असतो. म्हणून स्वतःला सतत तुच्छ लेखणे हीही नम्रता नव्हे. "मी काहीच नाही, मला काहीच येत नाही" असे म्हणणाऱ्या माणसाला "हो, तुम्हाला हे खरेच जमत नाही" असे म्हणून पाहा. त्याला ते सोसत नाही. कलस्सैकरांस लिहिताना पौल लीनतेचा उल्लेख चक्क नापसंतीने करतो (कलस्सै २:१८, २३), कारण तिथले लोक लीनता आणि देहदंड यांची एक स्वतःची साधना रचून तिच्या जोरावर मोठे होऊ पाहत होते. खाली वाकण्याचीही स्पर्धा लागू शकते, हे त्याने पहिल्या शतकातच पाहिले होते.

याला उतारा काय? नम्रतेच्या मागे धावू नका. जे मिळाले आहे ते कुणाकडून मिळाले याकडे पाहत राहा. पौलाने करिंथकरांना एक प्रश्न विचारला: तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे? (१ करिंथ ४:७). या एका ओवीने मंडळीच्या इतिहासातल्या फार मोठ्या माणसाला वळवले. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन (३५४–४३०) आधी असे मानत असे की देवाची कृपा बाकी सर्व देते, पण विश्वास तरी आपण आपला आणतो. पुढे याच ओवीने आपली चूक आपल्याला पटवली, असे त्यानेच लिहून ठेवले. विश्वाससुद्धा दिलेलाच आहे, हे त्याला दिसले. आणि हाच ऑगस्टिन, वयाच्या सत्तरीनंतर, सगळीकडे नाव झालेले असताना, आपल्या ९३ ग्रंथांची क्रमाने तपासणी करायला बसला आणि कुठे काय चुकले, कुठे शब्द घाईने वापरला, हे जगापुढे लिहून ठेवले. मला हे दोन प्रसंग एकमेकांपासून वेगळे वाटत नाहीत. सगळे दिलेलेच आहे हे ज्याला कळले, त्याला स्वतःची चूक मान्य करताना गमावण्यासारखे फारसे काही उरत नाही. तुम्ही शास्त्राभ्यास चांगला घेता ना? आपण त्याला 'कृपादान' म्हणतो. त्या शब्दातच कृपा आहे. धाकट्या भावाने तुमच्या मालकीच्या वस्तूला हात लावला असे तुम्हाला वाटले म्हणून तुम्ही पेटलात. ती वस्तू तुमची नव्हतीच.

आता येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे येतो. वाढ कशी दिसते हे मला कुणी एका माणसावरून समजावून सांगायला सांगितले तर मी नेहमी पेत्र निवडतो, कारण त्याची वाढ सरळ रेषेत जात नाही.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र म्हणतो, माझे पाय तू कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र वाटते! पण प्रभूचे उत्तर कडक आहे: मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. म्हणजे घ्यायला नकार देणे हाही एक ताठा आहे. सेवा करणाऱ्या माणसांना, आणि तुम्ही त्यांपैकी आहात, हा फार बाधतो. देताना आपण उंचावर असतो. घेताना पाय पुढे करावे लागतात, आणि ते मळलेले असतात.

त्याच रात्री पेत्र म्हणतो, सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. पुन्हा तीच बाजूला गेलेली नजर. मग अंगणात, कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत असताना, आपण येशूला ओळखतो हे तीन वेळा नाकारणे. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतर, समुद्रकाठी, पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द सबंध नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो (योहान १८:१८, २१:९). प्रभूने पेत्राला पुन्हा तिथेच आणून बसवले जिथे तो पडला होता, पण आधी खाऊ घातले, मग विचारले: "ह्यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय?" पेत्राचे उत्तर नीट वाचा. प्रीती करतो एवढे तो म्हणतो. 'ह्यांच्यापेक्षा' हा शब्द गाळून टाकतो. मी ही जागा वाचतो तेव्हा प्रत्येक वेळी मला वाटते, कृपेने पेत्रात जे काम केले ते या एका गाळलेल्या शब्दात दिसते. आणि लगेच, पाचसहा ओव्यांत, तो मागे वळून योहानाकडे बघून विचारतो, "प्रभू, ह्याचे काय?" प्रभू म्हणतो, तुला त्याचे काय, तू माझ्यामागे ये. एका सकाळीत शिकला आणि त्याच सकाळी विसरलाही.

गोष्ट इथेही संपत नाही. पेंटेकॉस्ट झाले, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, हजारोंनी विश्वास ठेवला, रोमी सैन्याधिकारी कर्नेल्य याच्या घरी त्याने स्वतः परराष्ट्रीयांवर (यहूदी नसलेल्यांवर) आत्मा उतरताना पाहिला. इतके सगळे झाल्यावर अंत्युखियात काही लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीतून उठून गेला. पौलाने त्याला सर्वांसमोर तोंडावर धरले (गलती २:११-१४). तुम्हाला तर एका भावाने बाजूला घेऊन सांगितले. पेत्राला सगळ्यांच्या देखत ऐकावे लागले, तेही विश्वासात आपल्यानंतर आलेल्या माणसाकडून. त्यावर पेत्र काय म्हणाला हे गलतीकरांस पत्र सांगत नाही. पण मंडळीने पेत्राचे म्हणून जपलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो पौलाला 'आपला प्रिय बंधू' म्हणतो, त्याला देवाने ज्ञान दिले आहे असे सांगतो, आणि त्याच्या पत्रांना शास्त्रलेखांच्या रांगेत बसवतो. त्याच्या दोनच ओव्या पुढे त्या पत्राचा शेवट येतो: आपल्या प्रभूच्या कृपेत व ज्ञानात वाढत जा. ज्याने चारचौघांत आपली चूक दाखवली त्याला 'प्रिय बंधू' म्हणणाऱ्या पत्रात 'कृपेत वाढा' हे वाक्य आहे. आणि पहिल्या पत्रात (१ पेत्र ५:५) तो नम्रता कमरेला बांधायला सांगतो. त्याने वापरलेल्या क्रियापदात कामासाठी वस्त्र अंगाशी गाठ मारून बांधण्याचा अर्थ आहे. तो लिहिताना त्याला कमरेला रुमाल बांधलेला प्रभू आठवला नसेल असे मला वाटत नाही. ज्या रात्री पाय मागे ओढले त्या रात्रीपासून हे वाक्य लिहीपर्यंत तीसएक वर्षे गेली होती. तुम्ही बारा वर्षांत हिशेब मागताय.

तिसरा प्रश्न: कृपा आहे तर प्रयत्न कशाला? इथे मी फार वेळ घेणार नाही, कारण शास्त्र याबाबत स्पष्ट आहे आणि गोंधळ बहुधा आपल्या थकव्यातून येतो. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:११-१२) पौल म्हणतो, देवाची कृपा आपल्याला शिकवते. तिथला शब्द मुलाला वाढवताना वळण लावण्याचा आहे. त्यात समजावणे आले, शिस्त आली, रोजचा सराव आला. क्षमा करून निघून जाणारी कृपा पौलाला माहीतच नाही. ती हात धरून बसते आणि पुन्हा पुन्हा गिरवून घेते. म्हणून तो एका दमात म्हणू शकतो की मी सर्वांपेक्षा अधिक श्रम केले, आणि ते मी नव्हे तर माझ्याबरोबर असलेल्या कृपेने केले (१ करिंथ १५:१०). कमाई आणि कष्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृपा कमाई मोडून काढते. कष्ट ती काढून घेत नाही, उलट त्यांतली धास्ती काढते.

आणि ती सावकाश शिकवते. जॉन न्यूटनचे नाव तुम्ही 'अमेझिंग ग्रेस' या त्याच्या कृपेवरच्या प्रसिद्ध स्तोत्रामुळे ऐकले असेल. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडल्यावर त्याने देवाचा धावा केला, आणि पुढे तो दिवस दरवर्षी पाळला. पण त्यानंतरही तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर कप्तान म्हणून जात राहिला. १७५४ मध्ये समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. १७६४ मध्ये त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली, ते स्तोत्र १७७९ मध्ये छापून आले, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध, स्वतःच्या सहभागाची कबुली देत, त्याने उघडपणे लिहिले ते १७८८ मध्ये. वादळापासून कबुलीपर्यंत चाळीस वर्षे. त्या वादळानंतरही बराच काळ आपण पूर्ण अर्थाने विश्वासणारे नव्हतो, असे त्याने स्वतःच म्हटले आहे. ज्यांना साखळदंडांत बांधून नेले त्यांच्या बाजूने पाहिले तर हा उशीर भयंकर आहे, आणि 'कृपा सावकाश काम करते' असे म्हणून तो झाकता येणार नाही. मी ही गोष्ट दोन्ही कारणांनी सांगतो. वाढ सावकाश होते म्हणून निराश होऊ नका. आणि आपल्या न दिसणाऱ्या दोषाची किंमत दुसरा कुणीतरी मोजत असतो, म्हणून तो दाखवणाऱ्याला परत पाठवू नका.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. तुम्ही अभ्यास घेता, म्हणजे तरुण मुले तुमचे ऐकतात. 'नम्र हो' हे वाक्य ज्याच्या हातात अधिकार आहे त्याने दुर्बळाचे तोंड बंद करायला वापरले की ते विष होते. मी असे झालेले पाहिले आहे: ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच क्षमा आणि लीनता शिकवली गेली, आणि करणारा तसाच राहिला. नम्रता म्हणजे अन्याय निमूट सोसणे असे शास्त्र सांगत नाही. फिलिप्पैमध्ये अधिकाऱ्यांनी पौल व सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले आणि सकाळी गुपचूप सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे (प्रेषितांची कृत्ये १६:३७). आदल्या रात्री बेड्यांत स्तोत्रे गाणारा तोच माणूस. मोशेला पृथ्वीवरील सर्व माणसांत नम्र म्हटले आहे (गणना १२:३), आणि मिसरचा राजा फारो याच्यापुढे तो गप्प बसला नाही. स्वतःवर टीका झाली तेव्हा मात्र तो गप्प राहिला, आणि टीका करणाऱ्या बहिणीला कोड फुटले तेव्हा तिच्यासाठी देवाचा धावा केला. दुसऱ्यासाठी बोलणे आणि स्वतःसाठी गप्प राहणे, हा भेद तुमच्या मुलांनाही शिकवा. आणि कुणी मुलगा किंवा मुलगी अन्याय सांगायला आली तर तिला नम्रतेवर वचन देऊ नका. आधी ऐका.

आता काय करायचे ते सांगतो. सगळे एकदम सुरू करू नका.

स्तोत्र १३१ पाठ करा. तीनच ओव्या आहेत. त्यात दूध तोडलेल्या बाळाचे चित्र आहे. अंगावर पिणारे बाळ आईजवळ आले की दुधासाठी रडते. दूध तुटलेले बाळ आईला बिलगून नुसते पडून राहते, त्याला आईच हवी असते. प्रार्थनेत रोज पाच मिनिटे काहीही न मागता, सेवेसाठीसुद्धा काही न मागता, असे बसून पाहा. पहिले काही दिवस फार जड जाते. अभ्यास चांगला व्हावा, लोकांनी ऐकावे, या मागण्याच किती वेळा तुमच्या प्रार्थनेला धरून ठेवतात ते कळेल.

झोपण्यापूर्वी दिवसाकडे एकदा मागे वळून बघा, आणि एकच प्रश्न विचारा: आज मला कुणी काय दिले? नम्रतेचे गुण मोजू नका, मिळालेल्या गोष्टी मोजा. आणि एखादा परिपक्व विश्वासणारा शोधा, जो तुमच्या सेवेमुळे भारावलेला नाही, आणि त्याच्यापाशी महिन्यातून एकदा आपली पापे नाव घेऊन कबूल करा (याकोब ५:१६). 'मी फार गर्विष्ठ आहे' असे मोघम नको. 'अमक्या दिवशी अमका बोलला तेव्हा मी मनात हे म्हणालो' असे सांगा. मोघम कबुलीत लपायला भरपूर जागा असते.

अभ्यासाच्या वेळी, महिन्यातून एकदा तरी, त्या तरुणांपैकी एकाला घेऊ द्या आणि तुम्ही मागे बसा. तो चुकला तरी मध्ये बोलू नका. नंतर त्याने विचारले तरच सांगा.

आणि त्या भावाला भेटा. या आठवड्यातच भेटा. माझे तीन महिने वाया गेले, तुमचे जाऊ देऊ नका. जाण्यापूर्वी त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याने सुधारावे म्हणून नको, त्याचे भले व्हावे म्हणून करा. भेटल्यावर लांबण लावू नका. "त्या दिवशी तू मला म्हणालास, मी हसलो, पण आतून चिडलो होतो. तू खरे बोललास. मला क्षमा कर." एवढेच पुरे. वाक्यात 'पण माझा हेतू' आला की थांबा. त्याने आणखी उदाहरणे दिली, कदाचित देईलही, तर लिहून घ्या. त्यातली काही चुकीची असतील. त्या दिवशी ती दुरुस्त करू नका.

आणि समजा तोच म्हणाला, "माझेही चुकले, मी फटकन बोललो, मला क्षमा करा," तर "अरे, त्यात काय" म्हणून ते उडवून लावू नका. त्याला पूर्ण बोलू द्या, आणि तो जे देतो आहे ते घ्या.